गोठ्याला दार कधी आलं : नाशिक पट्ट्यात जनावरं राखण्यामागची गोष्ट

मामाचा गोठा निफाड तालुक्यात, मळ्यात. तीन बाजूंनी विटांची भिंत, वर पत्रा, आणि भिंत अन् पत्र्याच्या मधे दीड-दोन फूट मोकळं ठेवलेलं, वारा खेळावा म्हणून. बिबट्या बरोबर तिथनंच आला. चार शेळ्या मारल्या, खाल्ली एकच, तीही अर्धी. गावातले म्हणाले माजलाय. तसं काही नसतं, बंद जागेत शेळ्यांना पळता येत नाही, त्या ओरडत इकडून तिकडं धडका देत राहतात आणि समोर हलतंय तोवर तो पंजा मारत राहतो. मोकळ्या माळावर एक उचलली असती आणि गेला असता.

त्यानंतर आठवडाभर जो येईल तो एकच बोलायचा, आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं. हे अर्धं खरंय.

निफाडच्या सपाटीवर नव्हतं हे खरं, पण पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडच्या माणसाला विचारा. तिकडं आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस असते, गुराखी वाघोबाला नारळ फोडतात, खिरीचा नैवेद्य दाखवतात, गुरं सांभाळ बाबा म्हणतात. गंमत म्हणजे त्याच तिथीला आपल्याकडं वसुबारस, आपण गाय-वासराला ओवाळतो. तिथी एकच, डोंगरातला माणूस खाणाऱ्याला पुजतो आणि सपाटीवरचा ज्याला खाल्लं जातं त्याला. आणि तिकडं वाघोबा म्हणजे पट्टेरी वाघच असं काही नाही, बिबट्याही त्यातच आला.

पूर्वेला सिन्नर, येवला, नांदगावच्या माळावर भानगड लांडग्याची. तिथली राखण धनगरांकडनं शिकावी. वाडा, म्हंजे मेंढरांचा मुक्काम, टाकला की रात्री मेंढरं वाघुरीत, वाघूर म्हणजे दोरीची जाळी, खुंट्या ठोकून गोल लावायची. कडेनं कुत्री, मधे शेकोटी, हाताशी गोफण, आणि माणूस तिथंच घोंगडं टाकून आडवा. कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा, कारण लांडगा असो की बिबट्या, पहिला घाव नरड्यावर. पट्ट्याचं पुढं परत येईलच.

यात मेख काय, तर राखण म्हणजे माणूस, जाळी-कुत्रं सगळी त्याची हत्यारं. गावातही तसंच, गुरं दिवसा गुराख्यामागं आणि रात्री गावठाणात, घराला लागून घर, अंगणात खाटा टाकून दहा माणसं झोपलेली. तिथं शिरायची हिंमत कोण करणार.

मग इंग्रजांनी दुसरा रस्ता काढला, मारा आणि बक्षीस घ्या. लांडगा, बिबट्या, वाघ, सगळ्यांवर सरकारी इनाम. इतिहासकारांनी त्या नोंदींवरून काढलेला आकडा असा की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशभरात ८० हजारांवर वाघ, दीड लाखावर बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. आपल्याकडचा वाघ गेला तो गेलाच, लांडगा माळापुरता उरला, बिबट्या मात्र टिकला, कारण तो काहीही खातो आणि कुठंही लपतो.

अमेरिकेनं हेच केलं, अजून जोरात. तिकडं कोयोट म्हणून प्राणी आहे, आपला कोल्हा आणि लांडगा यांच्या मधला समजा, मेंढ्यांची कोकरं उचलण्यात पटाईत. १९१५ पासून सरकारी पैशानं शिकारी नेमले, १९३१ ला त्यासाठी कायदाच केला, विष घातलं, सापळे लावले. झालं काय, तर लांडगा जवळपास संपला आणि त्याची मोकळी झालेली जागा कोयोटनं घेतली, आधी पश्चिमेच्या माळरानात होता तो पार पूर्व किनाऱ्यापर्यंत पोचला. फेब्रुवारी १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सननी सरकारी जमिनींवर विष घालायला बंदी केली (पुढं ती बरीच सैल झाली ते वेगळं) आणि मेंढीवाले जुन्या उपायाकडं वळले, युरोपातली मोठी राखणीची कुत्री आणून पिल्लू असतानाच मेंढ्यांत वाढवायची. म्हंजे आपला धनगर जे आधीपासून करत होता तेच.

१९७२ म्हटलं की आपल्याला दुष्काळ आठवतो, पण त्याच वर्षी सप्टेंबरात वन्यजीव संरक्षण कायदाही आला. शिकार बंद. लोक सगळं खापर त्या कायद्यावर फोडतात, मला ते पटत नाही, कारण नुसत्या कायद्यानं बिबट्या डोंगर उतरून निफाडात आला नसता. त्याला पाण्यानं आणलं.

इंग्रजांच्याच काळात नांदूर मधमेश्वरचा बंधारा आणि गोदावरीचे कालवे झाले, १९१६ ला दारणा धरण, स्वातंत्र्यानंतर गंगापूर, पालखेड, करंजवण. पाणी आलं तसा ऊस आला, साखर कारखाने आले. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा, आत कोण जात नाही, सावली आहे, पाणी आहे, डुकरं आहेत, घुशी आहेत, बिबट्याला अजून काय पाहिजे. मादी तिथंच विते. तोडणीला कोयता चालवता चालवता सरीत बछडी सापडणं हे दर हंगामाचं झालंय. मी एकदा बघितलंय, द्राक्षाच्या प्लॅस्टिक कॅरेटमधे दोन बछडी, डोळे नुकते उघडलेले, मांजरीच्या पिल्लाएवढी पण गुरगुर मात्र पुरी. वन खात्याच्या लोकांनी कॅरेट संध्याकाळी त्याच जागी ठेवलं, वर नुसतं झाकण, बाजूला कॅमेरा. रात्री आई आली, कॅरेट आडवं केलं आणि एकेक उचलून घेऊन गेली.

आणि दुसरी गोष्ट, जी कोणी बोलत नाही : आपण गावठाण सोडलं. विहिरीला मोटर बसली, लाईट आली, तसं एकेक घर मळ्यात राहायला गेलं. आता चार घरं सोडा, एका हाकेच्या अंतरात माणूस नाही, बाजूला ऊस, आणि उसाला लागून गोठा. पोरं शाळेत गेली, गुराखी संपला, शेळ्या बांधून चारा टाकायचा. रात्री शेतीची लाईट आली की घरधनी मोटर चालू करायला बांधावर, गोठा देवाच्या भरवशावर.

शेजारच्या अकोले तालुक्यातला अभ्यास आहे, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा. जिथं जंगल असं नाहीच तिथं उसात, मक्यात शंभर चौरस किलोमीटरला पाचाच्या आसपास मोठे बिबटे निघाले. विष्ठा तपासली तर वजनाच्या हिशोबानं सगळ्यात जास्त खाणं कुत्र्याचं, ३९ टक्के, आणि शेळी फक्त ११. शेळ्या संख्येनं कुत्र्यांच्या कितीतरी पट होत्या, तरी. कारण शेळीमागं दिवसा माणूस असतो आणि रात्री ती कोंडलेली असते, कुत्रं उघड्यावर. आपल्याकडं तर त्याला साखळीनं बांधतात, म्हंजे धनगराचं कुत्रं खिळ्यांचा पट्टा घालून मोकळं आणि आपलं कुत्रं साखळीला, ताटात वाढल्यासारखं. बरं अमेरिकेतल्या कुत्र्यापुढं कोयोट असतो, तो भरून भरून वीस किलोचा, बिबट्याचा नर साठ-सत्तरला जातो, एकट्या गावरान कुत्र्यानं काय करायचं.

(कोल्ह्याचंही सांगतो, तो कोंबडी आणि नुकतं व्यायलेलं करडू उचलतो, आणि गोष्टीत काहीही असो, नाशिकच्या कोल्ह्याला द्राक्षं आंबट लागत नाहीत, बागेत घुसून घड खातो.)

पिंजऱ्याचंही साखळीच्या कुत्र्यासारखंच, राखण म्हणून करायचं आणि उलटंच व्हायचं. हल्ला झाला की गाव म्हणतं पिंजरा लावा, मागच्या कप्प्यात बोकड बांधतात, बिबट्या अडकतो, लांब नेऊन सोडतात. जुन्नरला २००१ ते २००३ मधे शंभरावर बिबटे असे धरले, बरेचसे दुसरीकडं नेऊन सोडले, तर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. अनोळखी जागी सोडलेला बिबट्या बावचळतो आणि इकडं रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा येतो. २०११ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतही सरसकट पकडून हलवू नका असंच आहे, तरी पिंजऱ्याची मागणी थांबत नाही, आणि ज्याचं पोर गेलं त्याला हे आकडे कोण सांगणार. दारणाकाठच्या गावांनी ते भोगलंय.

भरपाईची पद्धतही बसलीय. २०२२ च्या निर्णयानं गाय, म्हैस, बैलाला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, शेळी-मेंढीला ७५ टक्के किंवा १५ हजार, यातलं जे कमी ते. अट एवढीच की ४८ तासांच्या आत कळवायचं आणि पंचनामा होईस्तोवर मेलेलं जनावर हलवायचं नाही. मामीनं उत्साहात गोठा धुवून काढला असता, शेजाऱ्यानं अडवलं म्हणून बरं.

आणि तो पट्टा. २०२५ मधे पुणे जिल्ह्यात शिरूरकडं बायामाणसं शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालायला लागली, फोटो सगळ्यांनी बघितले असतील. धनगराच्या कुत्र्याचा पट्टा माणसाच्या गळ्यात आला.

मामानं त्या दोन फुटांच्या फटीला वेल्डमेश, म्हंजे तारेची जाळी, मारली, दाराला खालून पत्रा ठोकला, साडेतीन हजारात काम झालं, चार शेळ्या गेल्यावर. टॉम्याची साखळी काढली, तो रात्री आता शेळ्यांबरोबर आत. पहिले आठ दिवस शेळ्या त्याला शिंगं दाखवायच्या. आता करडं त्याच्या पाठीवर चढून बसतात आणि तो नुसता बघत राहतो.