मेंदूचे अणुवैद्यकीय चित्रण

शिरेतून अत्यल्प किरणोत्सर्गी औषध देऊन ते मेंदूत कुठे आणि किती साचते हे कॅमेऱ्याने टिपण्याची तपासणी. सीटी आणि एमआरआयमध्ये प्रामुख्याने मेंदूची रचना दिसते. या तपासणीत पेशी किती साखर वापरतात, रक्त कुठे कमी पोहोचते, डोपामाइनसारख्या चेतापारेषकांची, म्हणजे चेतापेशींमधले निरोप नेणाऱ्या रसायनांची, यंत्रणा शाबूत आहे का, हे कळते. कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) रुग्णाचा एमआरआय पुष्कळदा निर्दोष येतो. हात तर थरथरतो आहे आणि रिपोर्ट नॉर्मल, म्हणून घरचे गोंधळतात. त्या गोंधळात या तपासणीचा खरा आधार होतो.

माणसाच्या मेंदूचे किरणोत्सर्गी साखर (एफडीजी) वापरून पहिले चित्रण १९७६ साली फिलाडेल्फियात झाले. १९८३ साली कॅनडातील हॅमिल्टन येथे फ्लोरोडोपा या किरणोत्सर्गी औषधाच्या साहाय्याने जिवंत माणसाच्या मेंदूतील डोपामाइन प्रथम दिसले. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेन्री वॅग्नर यांनी स्वतःच्याच मेंदूतील डोपामाइन-ग्राही, म्हणजे डोपामाइनचा निरोप स्वीकारणारी प्रथिने, चित्रित करून घेतले. भारतात पेटची, म्हणजे पॉझिट्रॉन सोडणारी द्रव्ये वापरून केलेल्या चित्रणाची, सुरुवात २००२ मध्ये मुंबईत, परळच्या विकिरण औषध केंद्रात झाली.

कोणत्या गावात कोणती तपासणी होऊ शकते, हे बरेचसे अर्धायुकालावर, म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्य निम्मे व्हायला लागणाऱ्या वेळावर, ठरते. पेटसाठी वापरल्या जाणाऱ्या कार्बन-११ चा अर्धायुकाल २० मिनिटांचा. सायक्लोट्रॉन, म्हणजे कणांना वेग देऊन अशी द्रव्ये बनवणारे यंत्र, शेजारी असेल तरच त्याचा उपयोग. फ्लोरिन-१८ चा ११० मिनिटांचा, त्यामुळे ते गाडीने किंवा विमानाने दुसऱ्या शहरात नेता येते, पण साडेपाच तासांत आठवा हिस्साच उरतो. इंदूरकरांना इथे साहजिक प्रश्न पडतो : आपल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ आहे, मग हे द्रव्य तिथेच का बनत नाही? इंडस-२ हे २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन साठवणारे वलय आहे आणि त्यातून संशोधनासाठी सिंक्रोट्रॉन प्रकाश मिळतो. फ्लोरिन-१८ साठी ऑक्सिजन-१८ असलेल्या पाण्यावर प्रोटॉन आदळवावे लागतात. ते काम वैद्यकीय सायक्लोट्रॉनचे.

म्हणूनच माळव्यासारख्या प्रदेशासाठी टेक्नेशियम-९९एम फार मोलाचे वाटते. त्याचा अर्धायुकाल ६ तासांचा. मॉलिब्डेनम-९९ पासून टेक्नेशियम आपोआप बनत राहते. ते भरलेला छोटा डबा, म्हणजे जनरेटर, विभागात आला की त्यातून साधारण आठवडाभर रोज सलाइनने टेक्नेशियम उतरवून घेता येते. ते ट्रोडॅट-१ या रेणूला जोडून दिले की चेतापेशींच्या टोकाशी असलेल्या डोपामाइन-वाहक प्रथिनांना चिकटते. इंजेक्शननंतर तीन-चार तासांनी स्पेक्ट कॅमेऱ्याखाली (हा गॅमा किरण टिपतो) निरोगी मेंदूत दोन्ही बाजूंना एकेक ठळक स्वल्पविराम उमटलेला दिसतो. कंपवातात त्याची शेपटी, म्हणजे पुटामेन या मेंदूतल्या खोल केंद्राचा मागचा भाग, आधी फिकी पडते आणि स्वल्पविरामाचा नुसता ठिपका उरतो. उजवा हात थरथरत असेल तर बहुधा डावी बाजू अधिक फिकी असते.

या चित्राकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. वंशपरंपरेने येणारा साधा कंप किंवा औषधांमुळे आलेला ताठरपणा यांत वाहक सहसा शाबूत दिसतात, तेव्हा कंपवातापासून त्यांना वेगळे काढता येते. मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफीसारख्या कंपवातसदृश विकारांत मात्र चित्र जवळपास तसेच येते. तिथे मेंदूविकारतज्ज्ञाने रुग्णाला चालवून, हात हलवायला लावून केलेली तपासणीच निर्णायक ठरते.

अल्झायमरमध्ये एफडीजी पेटवर मेंदूचा कानशिलाजवळचा आणि त्याच्या वरचा-मागचा भाग मंद दिसतो, म्हणजे तिथे साखर कमी वापरली जाते. अपस्मारात झटक्यांमधल्या काळात झटक्याचे उगमस्थान बहुधा मंद असते. मनोविकारांत या तंत्राने औषधाची मात्रा ठरवायला मोठी मदत केली : अनेक मनोविकारविरोधी औषधांनी सुमारे ६५ ते ८० टक्के डी-२ ग्राही (डोपामाइन-ग्राहींचा एक प्रकार) व्यापले की गुण येतो, त्यापुढे ताठरपणा आणि कंप वाढू लागतात.

तयारी तपासणीनुसार बदलते. एफडीजी पेटसाठी चार ते सहा तास उपाशी यावे लागते. सकाळच्या पोहे-जिलेबीने रक्तातली साखर वाढते आणि मेंदूत किरणोत्सर्गी साखर कमी शिरते, म्हणून त्या दिवशी नाश्ता तपासणीनंतरच. मधुमेहींनी तर साखर आधी मोजून घ्यावी. इंजेक्शननंतर मंद उजेडाच्या खोलीत न बोलता पडून राहायचे असते, कारण पाहण्या-बोलण्याने मेंदूचे ते ते भाग उजळतात. ट्रोडॅटसाठी उपास सहसा लागत नाही आणि कंपवातावरचे औषध लेव्होडोपाही बहुधा थांबवावे लागत नाही. पण मिथाइलफेनिडेट किंवा बुप्रोपिऑन ही त्याच डोपामाइन-वाहकांवर बसणारी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे. ‘न्यूक्लियर’ शब्दाने आजी-आजोबा घाबरतात, तेव्हा घरच्यांनी त्यांना एवढे जरूर सांगावे : २४ तासांत टेक्नेशियमचा सोळावा हिस्साच उरतो, लघवीवाटे काही भाग निघून जातो तो वेगळा. त्या दिवसापुरते नातवंडांना मांडीवर घेऊ नये आणि गर्भवती सुनेजवळ फार वेळ बसू नये.