राउटरला राउटर जोडायला क्रॉसओव्हर केबल लागत नाही

‘दोन राउटर जोडायचे तर क्रॉसओव्हर केबलच हवी’ असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. एकेकाळी ते खरं होतं. १०/१०० एमबीपीएसच्या पोर्टमध्ये पाठवायची आणि घ्यायची तारांची जोडी ठरलेली असे. सारखे पोर्ट जोडले की दोघेही एकाच जोडीवर बोलायचे. म्हणून केबलच्या एका टोकाला नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल करत; तीच क्रॉसओव्हर केबल. आता बहुतेक पोर्ट ऑटो एमडीआय-एक्स या सोयीने जोडी स्वतःच ओळखतात. साधी कॅट ५ई केबल पुरते.

मग दुसरा राउटर अडतो कशामुळे? बहुतेकदा दोघांचाही नेटवर्कमधला पत्ता १९२.१६८.१.१ असतो आणि डीएचसीपी, म्हणजे जोडलेल्या उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय, दोन्हीकडे चालू. दुसऱ्याला आधी त्याच मालिकेतला, पण पहिल्याच्या डीएचसीपी रेंजबाहेरचा पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि मगच लॅन पोर्टातून (घरातली उपकरणं जोडायचा) लॅन पोर्टात केबल घाला. दुसऱ्याचा वॅन पोर्ट (इंटरनेटची तार जोडायचा) मोकळाच राहू द्या.

गिगाबिट पोर्ट असूनही वेग १०० वरच थांबला, तर प्लग निरखून बघा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. अनेकदा निळी किंवा तपकिरी तार पिनपर्यंत पोचलेली नसते.