‘स्पिल द बीन्स’ आणि अथेन्सचे मतदान
ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही अशा माणसाने गुपित फोडले, की इंग्रजीत ‘स्पिल द बीन्स’, म्हणजे शब्दशः ‘घेवड्याचे दाणे सांडले’, असे म्हणतात. प्राचीन अथेन्समध्ये पांढऱ्या आणि काळ्या दाण्यांनी गुप्त मतदान होई, भांडे लवंडले की निकाल वेळेआधीच फुटे आणि त्यातून हा वाक्प्रचार आला, ही कथा वर्षानुवर्षे सांगितली जाते. ती खरी नाही.

अथेन्समध्ये दाणे वापरले जात, परंतु ते अधिकारी आणि ५०० जणांच्या सभेचे सदस्य सोडतीने निवडण्यासाठी. न्यायालयात मत दिले जाई ते खड्यांनी आणि पुढे इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात काशाच्या चकत्यांनी. खड्यासाठी असलेल्या ‘सेफॉस’ या ग्रीक शब्दावरूनच निवडणुकांच्या अभ्यासाला ‘सेफॉलॉजी’ हे नाव मिळाले.

त्याहून निर्णायक पुरावा काळाचा आहे. हा वाक्प्रचार विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत दिसू लागतो आणि तेथेही आधी तो ‘जमलेला बेत उधळणे’ या अर्थाने येतो. गुपित फोडण्याचा अर्थ त्यानंतर रुळला. मधली दोन हजारांहून अधिक वर्षे तो कोणत्याही लेखनात न उमटता केवळ तोंडोतोंडी टिकला, हे मला मुळीच पटत नाही.