होखमा आणि बीना

हिब्रू बायबलात जोडीने येणारे दोन शब्द. होखमाचं भाषांतर नेहमी शहाणपण किंवा ज्ञान आणि बीनाचं समज असं करतात, ते चूक नाही, पण त्यात होखमाचा जुना अर्थ गळतो. तो अर्थ म्हणजे हातातलं कसब. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात बसालेल या कारागिराला देव होखमा देतो ती सोनं, चांदी, पितळ घडवायला, खड्यांना पैलू पाडायला, लाकूड कोरायला, आणि ३५व्या अध्यायात निळं-जांभळं सूत कातणाऱ्या बायकांनाही 'मनाने शहाण्या' म्हटलंय. स्तोत्र १०७ मध्ये वादळात खलाश्यांची होखमा संपते, म्हणजे जहाज हाकायची अक्कल चालेनाशी होते. शब्द सज्जनच असतो असंही नाही. २ शमुवेल १३ मधला योनादाब 'फार शहाणा', आणि त्याच्याच सल्ल्याने दावीद राजाचा मुलगा अम्नोन सावत्र बहीण तामारवर अत्याचार करतो. मराठीत याला आपल्याकडे आधीच शब्द आहे, हिकमत! तो अरबीतून फारसीमार्गे आला आणि त्याचा धातू तोच ह-क-म, हकीम आणि हुकूमही त्याच घरातले.

बीना बहुतेक अभ्यासक 'बेन' म्हणजे 'मध्ये' या शब्दाशी जोडतात, दोन गोष्टींमधला फरक ओळखणं. १ राजे ३ मध्ये शलमोन राजा देवाकडे ऐकणारं मन मागतो ते बऱ्यावाईटातला फरक कळावा म्हणून, आणि लगेच पुढे एका बाळावर हक्क सांगणाऱ्या दोन बायकांचा निवाडा येतो.

या शहाणपणावरचे बायबलातले मुख्य ग्रंथ नीतिसूत्रे, ईयोब आणि उपदेशक. परंपरा नीतिसूत्रे शलमोनाची मानते, पण त्यातलं २५:१ (अध्याय २५, वचन १) स्वतःच सांगतं की पुढची वचनं यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी उतरवून घेतली (इ.स.पू. ८व्या शतकाची अखेर), त्यामुळे संग्रह टप्प्याटप्प्याने झाला असं धरणं बरं. पहिले नऊ अध्याय बरेच जण सर्वांत उशिराचे मानतात.

खरा वाद नीतिसूत्रांच्या २२:१७ पासूनच्या भागाचा. आमेनेमोपे या इजिप्शियन लेखनिकाच्या उपदेशाचा पपायरस ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, १९२३ ला इजिप्तचे अभ्यासक बज यांनी तो छापला आणि १९२४ ला दुसरा अभ्यासक एर्मान याने दाखवलं की गरिबाला लुबाडू नको, तापट माणसाशी दोस्ती नको, शेताची हद्द सरकवू नको हे सगळं दोन्हीकडे आहे. इजिप्तमध्ये पैसा हंसांसारखे पंख फुटून उडतो, नीतिसूत्रांत गरुडासारखे. २२:२० मधला एक शब्द लिहिलेला आहे 'शिलशोम' (परवा), वाचायची परंपरा 'शालिशीम', दोन्हींनी अर्थ नीट लागत नाही. एर्मान म्हणाला तो 'श्लोशीम' म्हणजे तीस वाचा, कारण आमेनेमोपेचे अध्यायही तीसच. व्हायब्रेसारख्या बायबल-अभ्यासकांना ही इजिप्तकडून उसनवारी पटत नाही, तरी तीस हे वाचन आता बऱ्याच भाषांतरांत बसलंय, आणि तेच जास्त सरळ वाटतं.

नीतिसूत्रे ८:२२ मध्ये होखमा बाईच्या रूपात बोलते आणि देवाबद्दल 'कानानी' म्हणते, म्हणजे त्याने 'मला मिळवलं' की 'मला निर्माण केलं' यावर ख्रिस्ती धर्मपंडित ४थ्या शतकात भांडले. ८:३० मधला 'आमोन' कारागीर की लेकरू, तेही सुटलेलं नाही. कारागीर घेतलं तर बसालेलच्या होखमाशी छान जुळतं.

शिकवायची सोय कशी होती याचा पुरावा तुटपुंजा. 'बेत मिद्राश' म्हणजे शिकायचं घर हा शब्द पहिल्यांदा बेन सीरा या यहुदी शिक्षकाच्या पुस्तकात दिसतो, साधारण इ.स.पू. १८०, आणि ते पुस्तक हिब्रू बायबलात नाही.