मुंबईत विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायला घर घेताय? आधी हे कागद समजून घ्या

प्रवेशाचे दिवस आले की कलिना, माटुंगा, विलेपार्ले, पवई, देवनार या भागांत वन बीएचके शोधणाऱ्यांची रांग लागते. कलिन्याला विद्यापीठ, माटुंग्याला व्हीजेटीआय आणि आयसीटी, पवईला आयआयटी, देवनारला टिस. हॉस्टेलमध्ये जागा न मिळालेली मुलं दोन-तीन जण मिळून फ्लॅट घेतात. त्यामुळे निवृत्तीचे पैसे किंवा गावची जमीन विकून आलेली रक्कम अशा भागातल्या छोट्या घरात गुंतवावी, असं अनेकांच्या मनात येतं. विचार चांगला आहे. फक्त एक गोष्ट आधीच माहीत हवी: भाडेकरार लेखी करून तो नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. ती ब्रोकरवरही नाही आणि मुलांवरही नाही.

घर घेण्याआधी

घर आवडलं, भाव जमला, तरी ते भाड्याने देता येतं का हे सगळ्यात आधी बघा. पागडीच्या खोलीत तुम्ही स्वतःच भाडेकरू असता, तिथे पोटभाडेकरू ठेवण्याच्या फंदात पडू नये. एसआरएचं, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतलं घर ठरावीक मुदत संपेपर्यंत विकता येत नाही आणि भाड्यानेही देता येत नाही. असं घर कुणी 'पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर करून देतो' म्हणाला तर चहा पिऊन उठा. म्हाडाच्या लॉटरीतलं घर ताब्यानंतर पाच वर्षं विकता येत नाही, आणि भाड्याने द्यायला म्हाडाची परवानगी लागते. कर्ज काढून घेत असाल तर बँकेच्या करारातलं भाड्याने देण्याबद्दलचं कलम वाचा. काही बँका आधी कळवायला सांगतात.

विकणाऱ्याकडून आधीच्या सगळ्या करारांची साखळी, इंडेक्स टू (खरेदी नोंदवल्याचा सरकारी उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, ओसी (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला), सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र आणि ताजं वीजबिल मागा. मुंबईत खरेदीवर ६ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर ते ५ टक्के होतं. नोंदणी शुल्क १ टक्का, पण ३० हजारांच्या वर जात नाही. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापून सरकारजमा करणं खरेदीदाराचं काम आहे, आणि पहिल्यांदा घर घेणारे नेमकं हेच विसरतात. सदनिका नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ते ट्रान्सफर प्रीमियम २५ हजारांपेक्षा जास्त मागता येत नाही. 'बिल्डिंग फंडाला देणगी' या नावाने आलेला जास्तीचा आकडा लेखी मागा, बहुतेक वेळा तो तिथेच विरघळतो.

सोसायटीशी बोलणं

लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणाऱ्या नेहमीच्या भाडेकरारावर, घर देताना सोसायटीला आगाऊ लेखी कळवावं लागतं आणि कराराची प्रत द्यावी लागते. त्यानंतर मेंटेनन्सच्या बिलात नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क, लागतात. राज्य सरकारने २००१ मध्ये घालून दिलेल्या मर्यादेप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतात. इथे बिल नीट वाचा. एकूण बिल साडेपाच हजारांचं असलं तरी त्यात पालिकेचा कर, पाणी, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठीचा निधी) हे वेगळे असतात. सेवाशुल्काची ओळ २,५०० ची असेल तर नॉन-ऑक्युपन्सी २५० रुपये, ५५० नाही.

'आमच्याकडे बॅचलर चालत नाहीत' हे वाक्य मुंबईत ऐकायला मिळतंच. त्यावर कायदा दाखवून भांडता येतं, पण भांडून ठेवलेल्या मुलांना मग वॉचमनपासून लिफ्टपर्यंत सगळीकडे टोमणे ऐकावे लागतात आणि दोन महिन्यांत ती दुसरं घर बघतात. म्हणून टोकन देण्याआधीच सेक्रेटरीला भेटून विचारा: बिल्डिंगमध्ये विद्यार्थी राहतात का, किती फ्लॅटमध्ये, तक्रारी आहेत का. ज्या इमारतीत आधीच दोन-तीन फ्लॅट मुलांना दिलेले आहेत, तिथे घर थोडं महाग पडलं तरी मी तेच घेईन.

करार आणि नोंदणी

'अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही' हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोटरीकडे शिक्का मारलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. करार नोंदवला नाही आणि पुढे वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच खरं धरलं जातं. शिवाय मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

नोंदणीचा खरा फायदा कलम २४ मध्ये आहे. मुदत संपूनही कुणी घर सोडलं नाही तर नोंदवलेला करार हाच पुरावा धरून सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षं खेटे घालायची गरज पडत नाही. शिवाय मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, आणि ते मुदतीतलं एकूण भाडं अधिक परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर. महिना ३० हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, मुदत अकरा महिने असं धरा. भाडं ३,३०,००० आणि डिपॉझिटवरचं व्याज सुमारे ९,१६७, मिळून ३,३९,१६७. त्यावर शुल्क साडेआठशेच्या आसपास. मुंबईत नोंदणी शुल्क १,००० रुपये. वर एजंटची फी असते, ती ठरवाल तशी.

नोंदणी घरबसल्या होते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशन सेवेवर मसुदा भरायचा, शुल्क ऑनलाइन भरायचं, मग दोन्ही बाजूंचे आणि दोन साक्षीदारांचे फोटो आणि आधारवर आधारित अंगठे घ्यायचे. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. मुलीबरोबर लातूरहून आलेल्या शेतकरी वडिलांचा अंगठा मशीन घेतच नाही, रेषा झिजलेल्या असतात. मग एजंट ओल्या फडक्याने बोट पुसतो आणि दुसरं बोट ठेवायला सांगतो. तेवढा वेळ हाताशी ठेवा. घर नवरा-बायकोच्या नावावर असेल तर दोघांनीही हजर राहायचं.

मालकाकडून आधार, पॅन, इंडेक्स टू किंवा खरेदीखताची प्रत आणि वीजबिल लागतं. मुलांकडून आधार, पॅन, फोटो आणि कायमचा पत्ता. कॉलेजचं ओळखपत्र किंवा प्रवेशाची पावती नोंदणीला लागत नाही, पण तुम्ही घेऊन ठेवा. सोसायटीत कुणी प्रश्न विचारला तर उपयोगी पडते.

विद्यार्थी अठरा वर्षांचा नसेल तर त्याच्या नावाने करार होऊ शकत नाही. अकरावी-बारावीला आलेल्या मुलाच्या बाबतीत पालकांनाच परवानाधारक (करारात भाडेकरूसाठी हाच शब्द असतो) करायचं आणि राहणाऱ्यांच्या यादीत मुलाचं नाव लिहायचं.

आता विद्यार्थी भाडेकरूंमधली खरी डोकेदुखी. तीन मुलं राहतात आणि करारात फक्त एकाचं नाव, कारण 'पैसे तोच देतो'. सहा महिन्यांनी तो इंटर्नशिपला पुण्याला जातो, त्याच्या जागी त्याचा मित्र येतो आणि मालकाला पत्ताच नसतो. मग घरात राहणाऱ्या एकाशीही तुमचा करार उरलेला नसतो. म्हणून राहणाऱ्या प्रत्येकाला करारात पक्षकार करा आणि भाड्याची जबाबदारी सर्वांवर एकत्र आणि प्रत्येकावर वेगळीही आहे, असं स्पष्ट लिहा. माणूस बदलला की नवा करार. मूळ कागदाच्या मागे पेनाने नाव लिहून भागत नाही. हजार-दोन हजार वाचवायची ही जागा नाही.

मुदत अभ्यासक्रमाकडे बघून ठरवा. करार मेअखेरीस संपेल असा ठेवला तर जूनच्या गर्दीत घर पुन्हा लागतं. डिसेंबरात रिकामं झालेलं घर परीक्षा संपेपर्यंत तसंच पडून राहू शकतं. नोटीस एक महिन्याची ठेवा आणि पहिल्या काही महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे तेवढ्या काळात घर सोडता येणार नाही अशी अट, लिहून घ्या.

पोलिसांना माहिती

नोंदणी झाली म्हणजे पोलिसांचं काम आपोआप झालं, असं नाही. भाडेकरूची माहिती मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर भरता येते किंवा स्थानिक पोलीस ठाण्यात देता येते. मालकाचे आणि भाडेकरूंचे फोटो, ओळखपत्रं आणि कराराचा तपशील लागतो. माहिती न देणाऱ्या मालकांवर गुन्हे नोंदवले जातात. पोचपावतीची प्रत सोसायटीला द्या, एक स्वतःकडे ठेवा.

परदेशी विद्यार्थी असेल तर तो राहायला आल्यापासून २४ तासांत परदेशी नागरिकाच्या मुक्कामाच्या नोंदीचा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) ऑनलाइन भरायचा, आणि तोही मालकानेच. त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाचा तपशील आधीच मागून ठेवा.

प्राप्तिकर

भाड्याचं उत्पन्न विवरणपत्रात दाखवावं लागतं. वर्षभराच्या भाड्यातून तुम्ही भरलेला पालिकेचा कर वजा करा. उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, पावत्या जोडायची गरज नाही. गृहकर्जाचं व्याजही वजा होतं, मात्र नव्या करप्रणालीत त्यातून झालेला तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. भाडं रोख घेऊ नका. तीन मुलांनी तीन वेगळ्या यूपीआयवरून पाठवलं तरी चालेल, पण ते घराच्या एकाच खात्यात जमा होऊ द्या. म्हणजे जुलैत सीएकडे बँकेचं एकच स्टेटमेंट न्यावं लागतं.