हिमालयातल्या पहिल्या मोहिमा आणि हातमोज्यांची गोष्ट

४ जून १९२४ रोजी ब्रिटिश गिर्यारोहक एडवर्ड नॉर्टन एव्हरेस्टच्या उत्तर अंगाने ८,५७२ मीटरपर्यंत चढला, तेही ऑक्सिजनशिवाय. त्या चढाईत अंगावर काय काय होतं, हे त्याने अगदी तपशिलात लिहून ठेवलंय. हातांत लांब लोकरी मिटन, म्हणजे अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटं एकाच खोळीत. त्यांवर तसेच गॅबर्डिन कापडाचे. बर्फात पायऱ्या खोदायची वेळ आली की कधीकधी आतली लोकरी जोडी काढून तो रेशमी चढवायचा, कारण जाड लोकरीतून आइस-अ‍ॅक्सच्या, म्हणजे बर्फ फोडायच्या कुदळीच्या, दांड्यावर पकड नीट कळत नसे.

पुढच्या तीस वर्षांचा पेच या अदलाबदलीत दिसतो. ऊब देणारे हातमोजे तेव्हाही होते. पण दोर बांधायचा, बुटाचे बंद आवळायचे, कॅमेरा उघडायचा, ऑक्सिजनची किल्ली फिरवायची, तर बोटं मोकळी लागतात. हिमदंश, म्हणजे थंडीने गोठून बोटं निकामी होणं, बहुतेकदा अशाच मोकळ्या बोटांना गाठत असे.

साहित्य साधंच होतं. लोकरीचे मिटन आल्प्समधून आले. तिथे ते मुद्दाम मोठे विणून उकळत्या पाण्यात आटवत, म्हणजे वीण गच्च होऊन नमद्यासारखी व्हायची. ऑस्ट्रियातले डाखश्टाइनचे मिटन या पद्धतीमुळेच पुढे नावाजले. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते, पण वारा तिच्यातून आरपार जातो. म्हणून वरून गॅबर्डिन. थॉमस बर्बरीने १८७९ मध्ये काढलेलं हे घट्ट विणीचं कापड दक्षिण ध्रुवाच्या मोहिमांत आधीच वापरून झालं होतं. चार बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात आणि गारठणारा पृष्ठभागही कमी होतो, त्यामुळे बोटांचे वेगळे मोजे कितीही जाड असले तरी मिटनशी बरोबरी करू शकत नाहीत.

उंचीवर तर हात आणखी लवकर गार पडतात. ऑक्सिजन कमी, रक्त दाट झालेलं, अंगातलं पाणी कमी झालेलं. थंडी वाढली की हृदय-मेंदू सांभाळायला शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आखडून घेतं. एव्हरेस्टच्या १९२२ च्या मोहिमेत हेन्री मोर्सहेडला हिमदंशाने बोटांची टोकं गमवावी लागली होती.

रॉबर्ट स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेतले लोक आपले फरचे मिटन कंदिलाच्या वातीच्या पट्टीने गळ्यात अडकवत, म्हणजे हातातून काढले तरी वाऱ्यावर उडून जात नसत. इतकी स्वस्त युक्ती! पण ३ जून १९५० ला अन्नपूर्णेवर ती नव्हती. मोरिस हेर्झोग आणि लुई लाशनाल हे फ्रेंच गिर्यारोहक ८,०९१ मीटरच्या शिखरावरून उतरत होते. माणसाने आठ हजार मीटरवरचं शिखर गाठण्याची ती पहिलीच वेळ. वाटेत हेर्झोगने सॅक उघडायला हातमोजे काढून बाजूला ठेवले आणि ते उतारावरून घरंगळत गेले. तो बघत राहिला. सॅकमध्ये जादा पायमोजे होते, आणि ते नेमके अशा वेळी हातांवर चढवण्यासाठीच असत. पण त्याला ते आठवलेच नाहीत. घरबसल्या वाचताना हा वेंधळेपणा वाटतो. आठ हजार मीटरवर विनाऑक्सिजन मेंदू असाच चालतो.

पुढे तंबूत मोहिमेतले साथीदार रेब्युफा आणि तेरे यांनी दोघांच्या गारठलेल्या हातापायांना चोळलं, दोराच्या टोकाने फटकेही मारले. तेव्हा हाच उपचार समजला जाई, आज हिमदंश झालेला भाग चोळायला सक्त मनाई आहे. परतीच्या वाटेवर मोहिमेचे डॉक्टर उदो यांना एकेक बोट कापत जावं लागलं. हेर्झोगच्या हातापायांची जवळजवळ सगळी बोटं गेली.

तीन वर्षांनी, २९ मे १९५३ ला, हिलरी आणि तेनझिंग एव्हरेस्टच्या शेवटच्या तंबूतून निघाले तेव्हा हातांत तीन-तीन थर होते : आत रेशमी, मग लोकरी, वरून वारारोधक. कल्पना नॉर्टनचीच, फक्त रेशीम आता कायम आत. बाहेरचे दोन थर काढले तरी कातडी उघडी पडत नाही आणि गारठलेला धातू बोटांना चिकटत नाही.

त्यानंतर पाचच आठवड्यांनी, ३ जुलैला, ऑस्ट्रियन गिर्यारोहक हेर्मान बूल एकटाच नंगा पर्बत या आठ हजार मीटरवरच्या शिखराच्या माथ्यावर पोहोचला. उतरताना रात्र एका कड्यावर उभ्याने काढावी लागली. दुसऱ्या दिवशी त्याला सोबत कुणीतरी चालतंय असा भास होत होता. हातमोजे सापडेनात तेव्हा त्याने त्या सोबत्यालाच विचारलं. उत्तर आलं, ते तर तू हरवलेस. या मोहिमेत बूलच्या पायाची दोन बोटं गेली, हातांची वाचली. १९५७ मध्ये तो ब्रॉड पीक हे आणखी एक आठ हजार मीटरवरचं शिखरही चढला.