छातीतली गाठ: दहाव्या वर्षाची आणि सतराव्या वर्षाची

"बाई, चेडवाक गाठ इली हा. एकाच बाजूक. कॅन्सर तर नाय मा?"

देवगड तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली, त्यात हा प्रश्न किती आयांनी दार अर्धवट लोटून, आवाज खाली आणून विचारला, त्याची मोजदाद नाही. मे महिन्यात जास्त. आंब्याच्या पेट्या इकडच्या तिकडे करताना पोरीच्या छातीला कोपरा लागतो, ती कळवळते, आईचा हात तिथे जातो आणि हाताला काहीतरी कडक लागतं. मग त्या रात्री आईला झोप नाही.

घोळ शब्दातच आहे. दहा वर्षांच्या मुलीच्या छातीत जे लागतं तेही आपल्याकडे 'गाठ' आणि सतरा वर्षांच्या मुलीला आंघोळ करताना जी सापडते तीही 'गाठच'. पहिली खरं तर गाठ नव्हेच. ती स्तनाची सुरुवात. दुसरी खरोखरची गाठ, पण बहुतेक वेळा निरुपद्रवी.

पहिलीचं आधी सांगते, कारण घाबरगुंडी तिचीच जास्त. मुलगी वयात येते म्हणजे पाळी येते असं आपण धरून चालतो, पण बहुतेकींच्या बाबतीत सुरुवात त्याच्या दोन-अडीच वर्षं आधी, इथे छातीत होते. साधारण 8 ते 13 या वयात केव्हाही. स्तनाग्राच्या बरोबर खाली, अगदी मध्यावर, शर्टाच्या बटणासारखी एक चपटी चकती लागते. हात लावला की दुखते. पालथं झोपवत नाही, दप्तराचा पट्टा सहन होत नाही. चकती हलवायला गेलं तर स्तनाग्रही तिच्याबरोबर हलतं, कारण ती त्याच्याच मुळाशी असते.

आणि ती एकाच बाजूला येते, याचीच आयांना धास्ती. दोन्हीकडे असती तर 'वाढ असेल' म्हणून सोडून दिलं असतं. पण एका बाजूने सुरुवात होणं अगदी नेहमीचं आहे. दुसरी बाजू काही आठवड्यांनी, कधी पाच-सहा महिन्यांनीही उठते. पुढे दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतीलच असंही नाही. थोडा फरक मोठ्या बायकांतही असतो.

या चकतीला सुई किंवा सुरी लावायची नाही, हे मी प्रत्येक आईला दोनदा सांगायची. पुढे होणारा अख्खा स्तन त्या बटणातूनच वाढायचा असतो. ते काढून टाकलं तर त्या बाजूला वाढच होत नाही. मोहोरच खुडला तर आंबा कुठून धरणार, एवढं म्हटलं की आमच्या भागात वेगळं समजवावं लागत नाही. मात्र वय 8 च्या आत असेल, किंवा 13 उलटून गेलं तरी काहीच वाढ दिसत नसेल, तर मुलीला डॉक्टरांना दाखवा.

आता सतरा वर्षांचीकडे येते. अशी एक मुलगी मला आठवते. कणकवलीला कॉलेजला जायची. साबण लावताना गाठ हाताला लागली ती जूनमध्ये, आणि बोलली गणपतीत, तेही आईशी नाही, मुंबईहून आलेल्या काकीशी. तीन महिने रोज रात्री चाचपून बघत होती. काकी तिला माझ्याकडे घेऊन आली तेव्हा तिने आधी विचारलं, "आईला सांगावं लागेल काय?"

या गाठीचं नाव फायब्रोॲडेनोमा. या वयात स्तनात सापडणारी सगळ्यात नेहमीची गाठ हीच. ती कशी लागते ते सांगायला मला फणसाची आठळी बरी वाटते. गऱ्यातून नुकतीच काढलेली ओली आठळी चिमटीत धरायला जा, ती सटकते. ही गाठ तशीच: गुळगुळीत, कडा स्पष्ट, रबरासारखी घट्ट, आणि बोटाखालून इकडून तिकडे पळणारी. आकारही साधारण तेवढाच, दोन-तीन सेंटिमीटर. सहसा दुखत नाही. स्तनाग्राखाली मध्यावर नसते, तर बाजूला असते, बरेचदा काखेकडच्या वरच्या भागात. म्हणजे ठिकाण, दुखणं, हलणं या तिन्ही बाबतीत चकतीच्या अगदी उलट.

अडचण तेरा-चौदाव्या वर्षी होते. स्तन तेव्हा वाढत असतो आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात तर सगळाच गुठळ्या-गुठळ्यांचा लागतो. म्हणून पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी एकदा बघायचं. गुठळ्या मऊ झाल्या तर त्या पाळीच्या होत्या. एक ठळक गाठ तशीच राहिली तर ती दाखवायची. आणि रोज चाचपायचं नाही! दाबून दाबून दुखायला लागतं आणि मग दुखतंय म्हणून आणखी भीती.

दाखवल्यावर पुढे काय? डॉक्टर हाताने तपासतात आणि सोनोग्राफी करायला सांगतात. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, या वयात उपयोगाची नाही. तरुण स्तन इतका दाट असतो की त्यात गाठ वेगळी दिसतच नाही. सोनोग्राफीत साधा फायब्रोॲडेनोमा दिसला तर बहुतेकदा काही महिन्यांनी पुन्हा मोजमाप घेतात, एवढंच. बऱ्याच गाठी आहेत तेवढ्याच राहतात, काही आपोआप लहान होतात. भराभर वाढत असेल किंवा पाच सेंटिमीटरच्या वर गेली असेल तर काढायचा विचार करतात. विसाच्या आतल्या मुलींत स्तनाचा कॅन्सर अतिशय दुर्मिळ आहे. कणकवलीच्या त्या मुलीची गाठही सोनोग्राफीत साधा फायब्रोॲडेनोमाच निघाली. आईला तिने सांगितलं, पण रिपोर्ट हातात आल्यावर.

ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत जाणं म्हणजे एसटीचा अख्खा दिवस, म्हणून वाडीत आधी घरगुती उपाय होतात. तेल लावून गाठ 'जिरवणं' हा त्यातला एक. चकती चोळल्याने फक्त सूज आणि दुखणं वाढतं, आठळी चोळून विरघळत नाही. बिब्बा मात्र भयंकर. त्याचं तेल कातडी जाळतं. एका मुलीच्या छातीवरचा बिब्ब्याचा काळा डाग मी पाहिलाय. खालची चकती आपल्या वेळेला वाढली, पण डाग राहिला.

मुलांनाही ही चकती येते, हे बापांना माहीतच नसतं. तेरा-चौदाव्या वर्षी जवळपास निम्म्या मुलांच्या छातीत ती थोडीफार उठते आणि बहुतेकांची एक-दोन वर्षांत बसते. पण ती बसेपर्यंत पोरगा शर्ट काढून खाडीत उडी मारायचं बंद करतो आणि घरात कुणाला कारण कळत नाही. त्याला एकदा सांगितलं तरी पुष्कळ.

खरी घाई कधी करायची? कातडी लाल, गरम आणि ताप असेल, तर ते इन्फेक्शन, त्याच दिवशी दाखवा. स्तनाग्रातून रक्त किंवा पू येतोय, गाठ खाली चिकटलेली आहे, वरची कातडी आत ओढली गेलीय, काखेतही गाठ लागतेय, किंवा पूर्वी कुठल्या आजारासाठी छातीला रेडिएशन दिलंय, तर पुढच्या पाळीची वाट बघत बसू नका. तपासताना आई, काकी, मावशी, मुलीला हवी ती बाई जवळ असू द्या. बाई डॉक्टर पाहिजे असं तिने म्हटलं तर तिला भाव खातेस म्हणू नका.

सुरुवातीला सांगितलेल्या आईला मी काहीच औषध दिलं नाही, त्यामुळे ती जराशी नाराज होऊनच गेली. दिवाळीनंतर पोलिओच्या डोसला वाडीत गेले तर ती अंगणात सुपारी सोलत बसलेली. मला बघून हसली आणि हात पुसत जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, दुसऱ्या बाजूकपण इली."